दोन बॅगांचा कॅप्टन

विमानातून चकली नेता येते का, हा प्रश्न तुम्ही कधी गूगलला विचारलाय? मी विचारलाय. ऑक्टोबर २०२५, दिवाळीला चार दिवस बाकी, माझी बॅग पलंगावर उघडी, आणि आमची मामी डोंबिवलीहून तीन डबे घेऊन दारात हजर. एकात चकल्या, दुसऱ्यात बेसनाचे लाडू, तिसऱ्यात चिवडा. ‘‘दादाला सांग, चिवडा आधी संपव. लाडू टिकतात.’’

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत, एका एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे. कॉन्ट्रॅक्टवर.

डब्यांसोबत आणखी एक काम गळ्यात पडलं होतं, आणि ते चिवड्याइतकं हलकंफुलकं नव्हतं. आमच्या धाकट्याला पायलट व्हायचंय. वय एकोणीस, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मार्क ठीकठाक, उत्साह मात्र सॉलिड. फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक सहा महिने आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकतंय. सगळं धरून खर्च पाऊण कोटीच्या आसपास सांगितलाय. एवढे पैसे आणायचे कुठून? ठाण्यातला आमचा टू बीएचके, ज्याचे हप्ते आत्ता कुठे संपलेत, तो पुन्हा गहाण टाकायचा. ‘‘जगात पायलटांचा केवढा तुटवडा आहे, माहितीये का?’’ हे धाकट्याचं रोजचं पालुपद.

एअरपोर्टला सोडताना बाबा एवढंच म्हणाले, ‘‘फिरून ये, मजा कर. आणि त्याला एकदा समोर बसून विचार. फोनवर तो खरं बोलत नाही.’’

तर अशी मी निघाले. एक कॅमेरा, तीन डबे आणि एक प्रश्न.

नाव बदललं, सवय नाही

मुंबईहून थेट विमानानं पाच-साडेपाच तास. घड्याळ दीड तास पुढे करायचं, बस्स. १९७६ मध्ये या शहराचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी झालं, पण विमानाच्या तिकिटावरचा कोड अजून ‘एसजीएन’ आहे, म्हणजे सायगॉन. गावातली माणसंही बोलताना बिनधास्त सायगॉनच म्हणतात. आपण नाही का, व्हीटी म्हणत?

उतरताना मला थेट मुंबईची आठवण झाली. घाटकोपरच्या पत्र्यांवरून आपलं विमान जसं उतरतं, तसंच इथं छपरांवरून, गच्च्यांवरच्या कपड्यांवरून खाली येतं. तान सन न्यात हा एअरपोर्ट शहराच्या ऐन मध्ये अडकलाय. फ्रेंचांनी १९३० च्या दशकात धावपट्टी बांधली तेव्हा हे गावाबाहेरचं माळरान होतं. १९६० च्या दशकात, युद्धाच्या काळात, हा जगातल्या सर्वांत बिझी लष्करी विमानतळांपैकी एक होता. आता इथून हनोईला जाणारा मार्ग जगातल्या सर्वांत गर्दीच्या देशांतर्गत मार्गांत मोडतो. एप्रिल २०२५ मध्ये नवं टर्मिनल उघडलं, तरी गर्दी आहेच.

बाहेर आलात की पहिला धक्का बाइक्सचा. किती? मोजायच्या नसतात. रस्ता क्रॉस करायचा फंडा दादानं फोनवरच सांगून ठेवला होता. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका लयीत चालत राहायचं, बाइकवाले तुमच्या बाजूनं निघून जातात. पहिल्यांदा जीव मुठीत धरून क्रॉस केलं. तिसऱ्या दिवशी मी कॉफीचा ग्लास हातात घेऊन क्रॉस करत होते.

आणि कॉफी! ग्लासच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वर ‘फिन’ नावाचा छोटासा पत्र्याचा फिल्टर, त्यातून थेंब थेंब पडणारी काळीकुट्ट कॉफी, मग बर्फ. ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी निर्यात करणारा देश आहे हा, उगाच नाही. एका डॉलरला पंचवीस हजारांच्या वर डाँग मिळतात, त्यामुळे दिवसभर आपण लाखांत खर्च करतो. फ्रीलान्स पत्रकाराला लखपती झाल्याचं सुख आणखी कुठं मिळणार?

कॅप्टनांची चाळ

दादा राहतो थाओ दियनला. सायगॉन नदीच्या वळणात वसलेला हा भाग, जुना डिस्ट्रिक्ट टू. परदेशी लोकांची वस्ती. इंटरनॅशनल शाळा, योगा स्टुडिओ, पिझ्झा, वाइनची दुकानं. डिसेंबर २०२४ मध्ये शहराची पहिली मेट्रो सुरू झाली, तिचं एक स्टेशन इथंच आहे.

दादा त्याच्या बिल्डिंगला ‘कॅप्टनांची चाळ’ म्हणतो. त्याच्या मजल्यावर एक ब्राझीलचा, एक पोलंडचा, एक तुर्कस्तानचा. सगळे पायलट, सगळे कॉन्ट्रॅक्टवर. लिफ्टमध्ये भेटल्यावर ‘कसा आहेस’ नंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला, ‘कधीपर्यंत आहेस?’

त्याचा फ्लॅट दिसायला एकदम झक्कास. नदीचा व्ह्यू, खाली स्विमिंग पूल. पण दोन तासांत माझ्या लक्षात आलं, की या घरात दादाचं काहीच नाही. सोफा घरमालकाचा, टीव्ही घरमालकाचा, भिंतीवरचं कमळांचं चित्रसुद्धा घरमालकाचं. कपाट अर्धं रिकामं. ‘‘दोन बॅगांत मावेल तेवढंच घ्यायचं,’’ दादा म्हणाला. ‘‘इथं सगळ्यांचा हाच नियम.’’ ओट्यावर मात्र एक तीन लिटरचा कुकर दिसला. डोंबिवलीचा. तेवढी एकच वस्तू त्याची स्वतःची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दादाची ड्यूटी होती, हनोईला जाऊन परत. मी एकटीच बेन थान मार्केटजवळच्या मरिअम्मन मंदिरात गेले. एकोणिसाव्या शतकात तमिळ व्यापारी इथं आले, त्यांनी बांधलेलं हे देऊळ. गंमत म्हणजे भाविकांत व्हिएतनामी लोकच जास्त. ते गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवतात आणि हळूच आपलं मागणं सांगतात. बांधणारे कधीच गेले, देवी इथलीच झाली. मीही भिंतीला कपाळ टेकवलं. काय मागायचं ते पटकन सुचेना. धाकट्याला पायलट कर म्हणू, की बाबांचं घर वाचव म्हणू?

तुटवडा कुणाचा?

रात्री दहाला दादा परतला. युनिफॉर्म, खांद्यावर चार पट्ट्या, एकदम सिनेमातला हिरो. पाच मिनिटांत तो बनियन-बर्म्युड्यावर आला आणि चिवड्याचा डबा घेऊन जमिनीवर बसला. आईचं ऐकून चिवडाच आधी. मी प्रश्न विचारला. तो बराच वेळ नुसता शेंगदाणे वेचून खात राहिला.

‘‘तुटवडा आहे, खरंच आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण कुणाचा, ते कुणी सांगत नाही.’’

मग त्यानं समजावलं ते असं. बोइंगच्या २०२४ च्या अंदाजानुसार पुढच्या वीस वर्षांत जगाला ६ लाख ७४ हजार नवे पायलट लागणार आहेत. आकडा वाचून डोळे दिपतात. पण कॉकपिटमध्ये सीट दोन असतात. उजवीकडे को-पायलट, डावीकडे कॅप्टन. आपल्याकडे २०० तास उडवलं की कमर्शियल लायसन्स मिळतं. त्यावर एका विशिष्ट विमानाचं ट्रेनिंग, म्हणजे टाइप रेटिंग. मग उजवी सीट, मिळाली तर. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १५०० तास. आणि नुसते तास भरून भागत नाही. वर्षाला जास्तीत जास्त हजार तासच उडवता येतं, परीक्षा, सिम्युलेटर, कंपनीची गरज, असं करत करत डाव्या सीटवर बसायला बरीच वर्षं जातात.

‘‘विमान ऑर्डर केलं की कारखान्यातून येतं. कॅप्टन ऑर्डर करता येत नाही,’’ दादा म्हणाला. ‘‘म्हणून ज्यांची विमानं भराभर वाढतात, ते तयार कॅप्टन भाड्यानं आणतात. व्हिएतनाम आणतो. आधी चीन आणायचा. २००५-०६ मध्ये आपणही आणत होतो. तुटवडा डाव्या सीटचा आहे, गं. उजव्या सीटसाठी रांग आहे.’’

या रांगेचाही आकडा आहे. २०२३ मध्ये आपल्या डीजीसीएनं १६०० हून जास्त कमर्शियल लायसन्स दिली, तोवरचा विक्रम. त्याच वर्षी एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांच्या ऑर्डर दिल्या, पेपरात पहिल्या पानावर बातम्या आल्या. धाकट्याच्या भिंतीवर त्या बातम्यांची कात्रणं आहेत. पण ती विमानं वर्षानुवर्षं थोडीथोडी येणार, आणि लायसन्सवाली मुलं आजच रांगेत उभी आहेत.

लाटेवरचा माणूस

मग दादानं स्वतःचं सांगितलं. मला वाटायचं, मला सगळं माहितीये. काहीच माहीत नव्हतं.

२००६. तो वीस वर्षांचा. एअर डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो. तीन वर्षांत आकाशात एवढी नवी नावं आली, की पायलट मिळेनात. मामानं डोंबिवलीचा फ्लॅट गहाण टाकला आणि दादा अमेरिकेला फ्लाइंग शिकायला गेला. २००८ मध्ये लायसन्स घेऊन परतला, तेव्हा जगात मंदी आली होती. तेच पायलट, तेच आकाश, आणि नोकऱ्या शून्य. तीन वर्षं तो मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करत होता. अमेरिकेत शिकलेलं इंग्लिश तिथं कामाला आलं. हप्ते मामाच्या पीएफमधून जात होते.

‘‘आणि आईच्या पाटल्यांतून,’’ दादा म्हणाला.

मी दचकले. मामी आम्हाला सगळ्यांना सांगायची, पाटल्या लॉकरमध्ये आहेत, रोज कोण घालतंय.

२०११ मध्ये उजवी सीट मिळाली. पुढं डावी. २०१८ मध्ये चीनहून ऑफर आली. तेव्हा चिनी कंपन्या परदेशी कॅप्टनना असा पगार द्यायच्या, की ऐकणारा दोनदा विचारायचा, महिन्याचा की वर्षाचा? दोन वर्षांत कर्ज फिटलं. त्यानं आईला नव्या पाटल्या केल्या. मग फेब्रुवारी २०२०. कोव्हिड आला. सुट्टीवर घरी आलेल्या दादाला एक मेल आला, सध्या येऊ नका. सध्या पगारही नाही. काही महिन्यांनी दुसरा मेल आला, कॉन्ट्रॅक्ट संपलं.

‘‘कंपनीचं चुकलं असं नाही म्हणणार मी,’’ तो म्हणाला. ‘‘कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहिलेलंच होतं. सही मीच केली होती. वाईट दिवस आले की आधी कॉन्ट्रॅक्टवाला जातो, आपल्या घरचा माणूस नंतर. पगार जास्त का देतात? त्यात याचे पैसे धरलेले असतात.’’

दोन-अडीच वर्षं तो घरी होता. डोंबिवलीत, भाचीला शाळेत सोडत, आणलेल्या भाजीचे भाव लिहून ठेवत. २०२३ मध्ये इथलं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. तीन वर्षांचं. सहा आठवडे काम, दोन आठवडे घर.

मी हसून म्हटलं, ‘‘म्हणजे तू माझ्यासारखाच फ्रीलान्सर. मी शब्दांवर, तू तासांवर.’’

‘‘अगदी,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त तुला दर सहा महिन्यांनी कुणी परीक्षेला बसवत नाही. आणि ब्लडप्रेशर वाढलं म्हणून तुझं लिहिणं बंद होत नाही.’’

पेशंट नंबर ९१

दुसऱ्या दिवशी दादाला सुट्टी होती. आम्ही थाओ दियनमध्ये भटकत होतो, तेव्हा त्यानं एका गल्लीकडे बोट दाखवून एक गोष्ट सांगितली. ही मात्र सगळ्या व्हिएतनामला ठाऊक आहे.

मार्च २०२०. स्कॉटलंडचा एक पायलट इथल्या एअरलाइनमध्ये नुकताच आला होता. याच भागातल्या एका बारमध्ये त्याला कोव्हिडची लागण झाली. देशातला ९१ व्या नंबरचा पेशंट, म्हणून त्याचं नावच ‘पेशंट ९१’ पडलं. दोन महिन्यांहून जास्त काळ तो मशिनवर होता. त्याची तब्येत रोज पेपरात छापून यायची. फुप्फुसं बदलावी लागतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कित्येक अनोळखी व्हिएतनामी लोकांनी आपलं फुप्फुस देऊ केलं. अखेर तशी वेळ आली नाही. जुलैमध्ये तो बरा होऊन घरी परतला.

‘‘लोक ही गोष्ट या देशाच्या कौतुकासाठी सांगतात, आणि कौतुक आहेच,’’ दादा म्हणाला. ‘‘मला वेगळंच आठवतं. तो शुद्धीवर आला तेव्हा खोलीत त्याच्या घरचं कुणीही नव्हतं.’’

त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग आभाळ भरून आलं. तासाभरात क्वोक हुआंग रस्त्यावर पोटरीपर्यंत पाणी. नदीला भरती आणि वरून पाऊस, दोन्ही एकदम आलं की हा रस्ता तुंबतोच. बाइकवाले पाय वर घेऊन निवांत चालले होते. मी म्हटलं, ‘‘दादा, हिंदमाता!’’ तो इतका हसला, इतका हसला, की बाजूच्या पोर्तुगीज बेकरीवालीनं बाहेर येऊन बघितलं.

घरी येऊन त्यानं कुकर लावला. वरण-भात, लिंबू, वर मामीची चकली. जेवताना त्यानं सांगितलं, की मार्च २०२६ मध्ये हे कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढच्या तीन वर्षांचा कागद टेबलावर आहे. आणि भारतातल्या एका एअरलाइनचा मेलही आलाय. पगार कमी, आणि एकदा आत गेलं की सोडताना वर्षभराची नोटीस. आपल्याकडे २०१७ पासून कॅप्टनना बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दोन्हींना उत्तर दिलं नव्हतं.

‘‘भाची काय म्हणते?’’ मी विचारलं.

‘‘ती सगळ्यांना सांगते, माझे बाबा विमान चालवतात. मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीनं विचारलं, कुठे राहतात? तर म्हणाली, फोनमध्ये.’’

फ्रिजवरचं माहितीपत्रक

निघताना दादानं मला धाकट्यासाठी एक कागद लिहून दिला. कुकरही माझ्या बॅगेत भरला. ‘‘आईला दे. इथं भात काय, कुठंही मिळतो.’’ मी काही विचारलं नाही.

कागदावर चारच ओळी होत्या. आधी मेडिकल कर, क्लास टू आणि मग क्लास वन. तिथं अडकलास तर लाखो रुपये वाचतील. मग डीजीसीएचे पेपर दे, हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम. तोवर खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. सोबत एक डिग्री घे, लायसन्स हातात आल्यावर तीन वर्षं नोकरी नसली तरी जगता यायला हवं. आणि चौथी ओळ जाड अक्षरात, राहतं घर गहाण टाकायचं नाही.

मी परतले आणि दीड महिन्यात तुम्हाला आठवत असेल तो गोंधळ झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले होते. आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. त्या हिशेबात पायलट कमी पडले. एअरपोर्टवर बॅगांचे डोंगर. धाकटा फोन नाचवत किचनमध्ये आला, ‘‘बघा! मी सांगत होतो ना, तुटवडा!’’

आम्ही दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बरोबर आहे तुझं. आज माणसं कमी आहेत. आता मला सांग, तू आज सुरुवात केलीस तर उजव्या सीटवर कधी बसशील? त्या वर्षी काय असेल, ते तुला माहितीये? मलाही नव्हतं.’’

धाकटा गप्प झाला. मग त्यानं बाबांकडे न बघता विचारलं, ‘‘मेडिकलची अपॉइंटमेंट कुठं घेतात?’’

क्लास टू झालंय. डोळे उत्तम, हृदय उत्तम. बी.एस्सी.ला अॅडमिशनही घेतलीय आणि हवामानाचं जाडजूड पुस्तक घेऊन तो गॅलरीत बसतो. माहितीपत्रक अजून फ्रिजवर आहे. बाबांनी ते काढलं नाही, त्यानंही नाही. घराची कागदपत्रं मात्र बाबांनी परत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिली.

आणि दादा? परवा मामीकडे जेवायला गेले होते. ओट्यावर तोच तीन लिटरचा कुकर. भाची स्टुलावर चढून शिट्ट्या मोजत होती. ‘‘तीन झाल्या की बंद करायचा,’’ तिनं मला बजावलं. मग आजीच्या पाटल्यांशी खेळत म्हणाली, ‘‘आत्या, बाबा म्हणाला, हा कुकर मोठा आहे. तो आला की चौथी शिट्टी लागेल.’’